नेटवर्कचा ग्राफ चुकतो कुठे? काउंटरपासून रेघेपर्यंतचा हिशेब

सेवादात्याकडून सेकंदाला १५० मेगाबिटची लाईन घेतलेली आहे आणि ती राउटरच्या १ गिगाबिटच्या पोर्टवर उतरते. सकाळपासून तक्रारी सुरू आहेत: व्हिडिओ कॉल तुटतोय, फाइल अपलोड होत नाही. ट्रॅफिकचा ग्राफ उघडून पाहिला तर रेघ ३५ मेगाबिटवर निवांत. साहजिकच निष्कर्ष निघतो की लाईन तर रिकामीच आहे, दोष कॉम्प्युटरचा असणार. दिवसभर कॉम्प्युटर तपासले जातात, केबल बदलल्या जातात. प्रत्यक्षात त्या लाईनवरून पूर्ण १५० मेगाबिट वाहत असतात आणि ती तुडुंब भरलेली असते.

हा ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही आणि राउटरही नाही. दोघांनी आपापलं काम चोख केलं, तरी उत्तर चुकलं. हे कसं होतं ते कळलं की ग्राफमधल्या बहुतेक विचित्र गोष्टींचा उलगडा होतो: अचानक उठणारे सुळके, मधल्या रिकाम्या जागा, दोन ठिकाणचे न जुळणारे आकडे. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, वजाबाकी आणि भागाकार येत असला की पुरे.

मुळाशी असतो एक वाढत जाणारा आकडा

राउटर किंवा स्विच ‘आत्ता किती वेग आहे’ हे नोंदवून ठेवत नाही. प्रत्येक पोर्टसाठी तो फक्त मोजणी करतो: सुरू झाल्यापासून आत किती बाइट आले आणि बाहेर किती गेले. या मोजणीच्या आकड्याला काउंटर म्हणतात. गाडीतलं किलोमीटर दाखवणारं मीटर असतं, तसाच हा प्रकार. ते मीटर वेग सांगत नाही, एकूण अंतर सांगतं. वेग हवा असेल तर दोन वेळा रीडिंग घ्यायचं, वजाबाकी करायची आणि मधल्या वेळाने भागायचं.

ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. ठरावीक वेळाने ते राउटरला विचारतं, ‘तुझा काउंटर किती झाला?’ हा प्रश्न विचारण्याची जी ठरलेली पद्धत आहे तिचं नाव एसएनएमपी, म्हणजे सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. तिचं पहिलं मानक १९८८ साली प्रसिद्ध झालं. उत्तर आलं की सॉफ्टवेअर मागचा आकडा वजा करतं, बाइटचे बिट करण्यासाठी आठने गुणतं, सेकंदांनी भागतं आणि एक ठिपका टाकतं. असे ठिपके जोडले की ग्राफ.

म्हणजे ग्राफवर दिसणारी एकही गोष्ट थेट मोजलेली नसते. सगळं वजाबाकीतून आलेलं असतं. वजाबाकीतल्या दोन आकड्यांपैकी एक जरी गडबडला, किंवा मधला वेळ चुकीचा धरला गेला, तरी ठिपका चुकतो, आणि चुकलेला ठिपका खऱ्या ठिपक्यासारखाच दिसतो. ग्राफ विचित्र दिसला की त्या रेघेकडे टक लावून अर्थ शोधण्यापेक्षा मागे जाऊन वजाबाकी तपासायची, हे मी पहिल्यापासून सांगत आलो आहे.

आठने गुणण्याची ही पायरीही पुष्कळदा विसरली जाते. लाईनचा वेग बिटमध्ये सांगतात, काउंटर बाइट मोजतो. तुमचा ग्राफ अपेक्षेच्या बरोबर आठव्या भागावर चालत असेल, तर पुढचं काही शोधण्याआधी तेवढं पाहून घ्या. काही ग्राफवर आकड्यापुढे इंग्रजी एम हे अक्षर असतं: मोठ्या लिपीतला एम म्हणजे मेगा, दहा लाख, छोट्या लिपीतला म्हणजे मिली, एक हजारांश. बंद पडलेल्या पोर्टवर ‘५०० एम’ पाहून घाबरलेल्यांनी अक्षराचा आकार बघावा. तो अर्धा बिट असतो.

काउंटर भरला की

किलोमीटरच्या मीटरला ठरावीक घरं असतात. सगळे नऊ झाले की ते पुन्हा शून्यावर येतं. राउटरचा काउंटरही असाच फिरतो. जुन्या पद्धतीचा काउंटर ३२ बिटचा असतो. त्यात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच आकडे मावतात, पुढचा बाइट आला की पुन्हा शून्य.

१९९४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हे ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा ही मर्यादा कुणाला जाचत नव्हती. त्या विद्यापीठाची बाहेर जाणारी लाईन होती ६४ किलोबिटची. त्या वेगाने काउंटर भरायला सहा दिवसांहून जास्त लागतात. दर पाच मिनिटांनी रीडिंग घेण्याची सवय एमआरटीजीने रुळवली आणि ती आजही बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. लाईनचे वेग मात्र कुठल्या कुठे गेले. १०० मेगाबिटने हाच काउंटर पावणेसहा मिनिटांत भरतो, १ गिगाबिटने ३४ सेकंदांत आणि १० गिगाबिटने साडेतीन सेकंदांच्या आत.

काउंटर दोन रीडिंगच्या मध्ये एकदाच फिरला तर सॉफ्टवेअरला ते कळतं. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला की ‘हा फिरला असणार’ असं धरून ते मधलं अंतर जोडतं. काउंटर दोनदा फिरला, किंवा फिरून मागच्या आकड्याच्याही पुढे गेला, तर कळायला मार्ग नाही.

सुरुवातीचं उदाहरण आता आकड्यांत पाहू. समजा पहिलं रीडिंग १०० कोटी बाइटचं आहे. १५० मेगाबिटने पाच मिनिटांत ५६२ कोटी ५० लाख बाइट जातात. काउंटर ६६२ कोटी ५० लाखांवर पोचायला हवा, पण तो ४२९ कोटींच्या जरा पुढे फिरतो. म्हणून पुढचं रीडिंग येतं साधारण २३३ कोटी. सॉफ्टवेअर पाहतं: आधी १००, आता २३३. आकडा वाढलाच आहे, शंका घ्यायला काही कारण नाही. फरक १३३ कोटी, गुणिले आठ, भागिले ३००: साडेपस्तीस मेगाबिट. ग्राफवरची ती निवांत रेघ इथून आली.

हा आजार ओळखण्याची खूण पक्की आहे. ३२ बिटचा काउंटर आणि पाच मिनिटांचं अंतर असेल तर ग्राफ ११४.५ मेगाबिटच्या वर कधीच जाऊ शकत नाही. ट्रॅफिक वाढत जाऊन ११४ च्या आसपास पोचतं आणि तिथून रेघ थेट तळाला येते, मग पुन्हा चढायला लागते. ऐन गर्दीच्या वेळी लाईन रिकामी दिसत असेल तर सर्वांत आधी ही शंका घ्या.

उपाय आहे ६४ बिटचा काउंटर. त्याच माहितीसाठी राउटरमध्ये दुसरी नोंद असते, तिच्या नावात ‘एचसी’, म्हणजे हाय कपॅसिटी, ही अक्षरं येतात. आयएफ-इन-ऑक्टेट्स हा जुना काउंटर, आयएफ-एचसी-इन-ऑक्टेट्स हा नवा. १० गिगाबिटची लाईन अखंड भरून चालवली तरी हा काउंटर फिरायला साडेचारशेहून अधिक वर्षं लागतील. मानकानुसार २० मेगाबिटपेक्षा वेगवान पोर्टला बाइटसाठी हा काउंटर असलाच पाहिजे. अडचण वेगळीच असते: एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीला ६४ बिटचा काउंटर वाचताच येत नाही. उपकरण नवंकोरं असूनही सॉफ्टवेअरमध्ये ‘आवृत्ती १’ निवडलेली राहिली तर मुकाट्याने जुनाच काउंटर वाचला जातो. आवृत्ती २सी किंवा ३ निवडली आणि एचसी काउंटर लावला की प्रश्न मिटतो.

आकडा मागे आला: फिरला की पुसला गेला?

राउटर बंद करून सुरू केला की काउंटर शून्यापासून मोजायला लागतो. पुढचं रीडिंग आधीच्यापेक्षा लहान येतं. सॉफ्टवेअरपुढे आता दोन शक्यता असतात: काउंटर भरून फिरला, किंवा पुसला गेला. नुसत्या आकड्यावरून यातलं काहीच ठरवता येत नाही.

सॉफ्टवेअरने ‘फिरला’ असं धरलं तर ६४ बिटच्या काउंटरला भलामोठा सुळका उठतो. हिशेब केला तर तो सेकंदाला सुमारे ४९० पेटाबिट इतका येऊ शकतो, म्हणजे १ गिगाबिटच्या पोर्टवर ४९ कोटी पट वेग. त्या एका ठिपक्यापायी ग्राफची उभी पट्टी इतकी ताणली जाते की महिन्याभराचं खरं ट्रॅफिक तळाशी चिकटलेली रेघ होऊन बसतं. पण हा सुळका खोटा आहे हे कुणीही ओळखतं, म्हणून मला त्याची फारशी भीती वाटत नाही.

धोका ३२ बिटच्या सुळक्यात आहे. मागचं रीडिंग ३०० कोटी, मग रीबूट, नवं रीडिंग १० लाख. सॉफ्टवेअर मधलं अंतर जोडून फरक काढतं जवळपास १३० कोटी बाइट, म्हणजे साडेचौतीस मेगाबिट. हा आकडा अगदी पटण्यासारखा आहे! रात्री तीन वाजता उठलेला असा उंचवटा पाहून कुणी ‘कोण इतकं डाउनलोड करत होतं’ याची चौकशी सुरू करू शकतं. त्या पाच मिनिटांत कुणीच काही केलेलं नसतं.

राउटर किती वेळ चालू आहे हे सिस-अप-टाइम या नोंदीत मिळतं. संशयित सुळक्याच्या वेळेशी ती ताडून पाहायची. फक्त लक्षात असू द्या, ही नोंदसुद्धा ३२ बिटची आहे आणि सेकंदाचा शंभरावा भाग मोजते, त्यामुळे ४९७ दिवसांनी तीही शून्यावर येते. सोळा महिन्यांहून जास्त काळ न थांबता चाललेला राउटर कालच सुरू झाला असं वाटू शकतं.

आणखी एक जुना, साधा बंदोबस्त आहे: ग्राफ सॉफ्टवेअरला पोर्टची कमाल मर्यादा सांगून ठेवणं. १ गिगाबिटच्या पोर्टवर त्याहून मोठं उत्तर आलं तर ते टाकून द्यायचं. ही मर्यादा भरताना एक खाचखळगा आहे. पोर्टचा वेग सांगणारी आयएफ-स्पीड ही नोंदही ३२ बिटचीच असल्याने १० गिगाबिटच्या पोर्टलाही ती ४.२९ गिगाबिटच सांगते. सॉफ्टवेअरने तीच कमाल मर्यादा धरली तर त्यावरचं खरं ट्रॅफिक गाळलं जातं. वेगवान पोर्टसाठी मेगाबिटमध्ये उत्तर देणारी आयएफ-हाय-स्पीड ही नोंद वापरायची.

रिकामी जागा, शून्य आणि सरळ रेघ

‘ग्राफमध्ये मध्येच काही नाही, म्हणजे त्या वेळी नेट बंद होतं ना?’ हा प्रश्न नेहमी येतो. तसं असेलच असं नाही. रिकाम्या जागेचा अर्थ एवढाच की उत्तर मिळालं नाही. राउटर बंद असेल, एसएनएमपीचा पासवर्ड बदलला असेल, मधल्या फायरवॉलने यूडीपीचं १६१ क्रमांकाचं पोर्ट (केबलचा पोर्ट नव्हे, एसएनएमपीचे प्रश्न ज्या क्रमांकावर जातात तो) अडवलं असेल, किंवा ग्राफ काढणारा सर्व्हरच इतक्या उपकरणांना विचारतोय की पाच मिनिटांत त्याची फेरी पुरी होत नसेल.

यूडीपी म्हणजे पोचपावती न घेता पाठवलेले निरोप. रस्त्यात हरवला तर हरवला. प्रश्न आणि उत्तर ज्या लाईनवरून जातात तीच तुंबली, तर गळणाऱ्या पॅकेटमध्ये, म्हणजे माहितीच्या लहान तुकड्यांमध्ये, हेही असतात. त्यामुळे जिथली नोंद सर्वांत जास्त हवी असते नेमकी तीच जागा कोरी राहते. रोज ठरावीक गर्दीच्या वेळी तुकडे पडत असतील तर त्या कोऱ्या जागेलाच पुरावा मानून लाईन भरते का ते तपासावं, असं माझं मत आहे.

एक दिलासा आहे. एखादं रीडिंग चुकलं म्हणून मोजणी थांबत नाही, काउंटर चालूच असतो. पुढचं रीडिंग मिळालं की दहा मिनिटांचा एकत्र फरक निघतो आणि एकूण बाइट बरोबर येतात. किती वेळ थांबून मग ‘माहिती नाही’ असं नोंदवायचं हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. आरआरडीटूल या प्रसिद्ध साठवण-पद्धतीत या मुदतीला हार्टबीट म्हणतात, आणि पाच मिनिटांच्या रीडिंगसाठी ती बहुधा दहा मिनिटं ठेवतात. ती नेमकी पाच मिनिटं ठेवली आणि रीडिंगला दोन सेकंद उशीर झाला, तर नेटवर्क ठणठणीत असूनही ग्राफवर भोकं पडत राहतात.

एमआरटीजीची एक सवय मात्र ठाऊक असायलाच हवी. उत्तर मिळालं नाही की ते मूळ सेटिंगमध्ये मागचीच किंमत पुन्हा टाकतं. खरं ट्रॅफिक कधीही तासभर एकाच आकड्यावर थांबत नाही. पट्टीने आखल्यासारखी आडवी रेघ दिसली तर समजा की उपकरणाशी संपर्क तुटलेला आहे.

नाव बरोबर, पोर्ट भलताच

राउटर आपल्या पोर्टना आतून क्रमांक देतो आणि सॉफ्टवेअर त्या क्रमांकाने विचारतं. मानकानुसार हे क्रमांक रीबूटनंतर तेच राहतील याची हमी नाही. नवीन कार्ड बसवलं, राउटर पुन्हा सुरू केला आणि कालपर्यंत सातव्या क्रमांकावर असलेला पोर्ट आता नवव्यावर गेला. ग्राफचं शीर्षक ‘मुख्य लाईन’ असंच राहतं, आत आकडे दुसऱ्याच पोर्टचे भरत जातात. रीबूटनंतर ग्राफचा स्वभावच पालटलेला दिसला तर हे पाहा. क्रमांकाऐवजी पोर्टच्या नावाने ओळख ठेवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करा.

दिशेचा गोंधळही इथलाच. ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे त्या उपकरणाच्या बाजूने असतं. एकाच केबलच्या दोन टोकांवर ग्राफ काढले तर एकाचं आत ते दुसऱ्याचं बाहेर. आणि अनेक पोर्ट एकत्र बांधून केलेल्या जोडलिंकची बेरीज करताना सुटे पोर्ट आणि एकत्रित पोर्ट दोन्ही धरले, तर ट्रॅफिक बरोबर दुप्पट दिसतं.

हाताने दोन रीडिंग

शंका आली की ग्राफ बाजूला ठेवा. ग्राफ काढणाऱ्या सर्व्हरवरूनच एसएनएमपीगेट या कमांडने त्या पोर्टचा एचसी काउंटर वाचा, घड्याळ पाहा, एक मिनिटाने पुन्हा वाचा. वजाबाकी, गुणिले आठ, भागिले साठ. उत्तरच आलं नाही तर दोष संपर्काचा. उत्तर आलं आणि हिशेब राउटरच्या स्वतःच्या स्क्रीनवरच्या वेगाशी जुळला, तर काउंटर निर्दोष आणि गडबड सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये. जुळला नाही तर तुम्ही भलत्याच पोर्टचा काउंटर वाचताय का ते बघा. राउटरच्या स्क्रीनवरचा वेगही बहुधा गेल्या काही मिनिटांची सरासरी असतो, तेव्हा तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नका. जवळपास आला की झालं. पाच मिनिटांच्या या कामाने अर्ध्याहून अधिक वाद जागीच संपतात.

सगळं बरोबर असूनही सरासरी काय गिळते

आता समजा काउंटर ६४ बिटचा आहे, पोर्ट योग्य आहे, भोकं नाहीत. ग्राफ २० टक्के दाखवतोय, तरी लोक तक्रार करतात. पाच मिनिटांपैकी एक मिनिट लाईन पूर्ण भरली आणि उरलेली चार मिनिटं मोकळी राहिली, तर सरासरी २० टक्केच येते. त्या एका मिनिटात कॉल तुटले, हे सरासरीत कुठेच दिसणार नाही.

जुन्या काळाकडे जाल तसं हे वाढत जातं. जागा वाचवण्यासाठी जुन्या नोंदी एकत्र करून सरासरी ठेवतात. एमआरटीजीच्या वार्षिक ग्राफात एक ठिपका म्हणजे अख्खा दिवस. रोज दोन तास तुडुंब आणि बाकी वेळ रिकामी अशी १ गिगाबिटची लाईन वार्षिक ग्राफवर ८३ मेगाबिटची दिसेल. तेवढ्यावरून ‘लाईन वाढवायची गरज नाही’ असा निर्णय घेणं वापरणाऱ्यांवर अन्याय आहे. सरासरीबरोबर कमाल किंमतही साठवायला सांगा. तीही पाच मिनिटांच्या सरासऱ्यांमधली कमालच असते, तरी पुष्कळ बरी.

मग दर सेकंदाला रीडिंग का घेऊ नये?

कारण अनेक उपकरणं एसएनएमपीला दाखवायचा काउंटर दर सेकंदाला ताजा करतच नाहीत. प्रत्यक्ष मोजणी हार्डवेअरमध्ये होते आणि ठरावीक सेकंदांनी ती वर कळवली जाते. उपकरण दर दहा सेकंदांनी कळवत असेल आणि तुम्ही दर सेकंदाला विचारत असाल, तर नऊ वेळा फरक शून्य आणि दहाव्यांदा दहापट. ग्राफवर करवतीचे दात उमटतात आणि ट्रॅफिक झटक्याझटक्याने चालल्याचा भास होतो. वर उपकरणाच्या प्रोसेसरवर भार पडतो तो वेगळाच.

लहान झटके पकडायचे असतील तर वेगाऐवजी वेगळा काउंटर पाहावा: आयएफ-आउट-डिस्कार्ड्स, म्हणजे बाहेर पाठवायला जमलं नाही म्हणून टाकून दिलेल्या पॅकेटची मोजणी. वेगाची सरासरी झटका लपवते, टाकलेलं पॅकेट मात्र मोजणीत येतंच. २० टक्क्यांचा ग्राफ आणि शेजारी वाढत जाणारे डिस्कार्ड्स दिसले तर तक्रार करणारे बरोबर आहेत.

सेवादात्याचा आकडा वेगळा का येतो?

बिलाच्या वेळी हा वाद हमखास होतो. काही लाईनचं बिल ९५व्या शतमकावर असतं. ३० दिवसांत पाच मिनिटांची ८,६४० रीडिंग होतात. ती चढत्या क्रमाने लावून वरची पाच टक्के, म्हणजे ४३२, सोडून द्यायची आणि उरलेल्यांतलं सर्वांत मोठं धरायचं. म्हणजे महिन्यातले सर्वांत गर्दीचे ३६ तास माफ. हाच हिशेब तुम्ही अर्ध्या तासाच्या सरासऱ्यांवर केला तर माथे दबलेले असतात आणि बहुतेक वेळा आकडा कमी येतो. दोघांनीही मूळ पाच मिनिटांची रीडिंग वापरली पाहिजेत.

काउंटर काय मोजतो आणि काय मोजत नाही, हेही पाहावं लागतं. इथरनेटच्या, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क केबलच्या, काउंटरमध्ये प्रत्येक फ्रेम (तारेवरून जाणारा माहितीचा एक गठ्ठा) शीर्षभागासकट मोजली जाते, पण दोन फ्रेमच्या मध्ये तारेवर जाणारे आणखी २० बाइट मोजले जात नाहीत. मोठ्या १५१८ बाइटच्या फ्रेम असतील तर फरक दीड टक्क्याच्या आतच राहतो. सगळ्या ६४ बाइटच्या असतील तर १ गिगाबिटची तार काठोकाठ भरलेली असताना काउंटर ७६२ मेगाबिटच सांगतो. आवाजाच्या कॉलसारखं लहान पॅकेटचं ट्रॅफिक जास्त असेल तर ‘अजून वीस टक्के शिल्लक आहेत’ असं धरून चालू नका. बाइटच्या ग्राफशेजारी सेकंदाला किती पॅकेट जातात याचा ग्राफ काढा आणि पॅकेटचा सरासरी आकार पाहूनच लाईनला किती जागा उरली ते ठरवा.